भुकेल्या प्रांताच्या गोदीत अणुपाणबुडी

२५ डिसेंबर २०२५ रोजी उत्तर कोरियाच्या सरकारी वृत्तसंस्थेने काही छायाचित्रे जगाला दाखविली. एका प्रचंड बंदिस्त छपराखाली पाणबुडीचा अवाढव्य सांगाडा आणि त्याच्या पायथ्याशी अधिकाऱ्यांच्या घोळक्यात हुकूमशहा किम जोंग उन. ही ८,७०० टनांची, अणुऊर्जेवर चालणारी, क्षेपणास्त्रे वाहणारी पाणबुडी असल्याचे सांगण्यात आले. याच पाणबुडीची पहिली झलक त्याच वर्षी मार्चमध्ये दाखविली गेली होती. तेव्हा टनभार सांगितला नव्हता आणि सांगाड्याचा फक्त खालचा भाग दिसू दिला होता. आता जवळजवळ पूर्ण सांगाडा समोर आला आहे. आपल्या आयएनएस अरिहंतचा टनभार सुमारे ६,००० आहे, यावरून या दाव्याचा आकार वाचकांच्या लक्षात येईल.

अशा छायाचित्रांवर आपल्याकडची प्रस्थापित माध्यमे दोनच प्रकारे बोलतात. वृत्तवाहिन्यांवर एक तर तिसऱ्या महायुद्धाचे नगारे वाजतात, नाही तर 'सनकी तानाशाह'च्या केशरचनेवर विनोद होतात. नगारे वाजविणारे गोदीकडे नीट पाहत नाहीत आणि हसणारे तर पाहतच नाहीत. ही गोदी पूर्व किनाऱ्यावरच्या सिनपो या मासेमारीच्या गावची असल्याचे जाणकार मानतात. सिनपो दक्षिण हामग्योंग प्रांतात येते. हे प्रांताचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

आधी शस्त्राची हकीकत पाहू. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर १९९३ च्या सुमारास रशियाच्या पॅसिफिक ताफ्यातल्या निकामी पाणबुड्या भंगारात निघाल्या. एका जपानी व्यापारी कंपनीमार्फत त्यांतल्या काही उत्तर कोरियाने घेतल्या. त्यांत गोल्फ वर्गाच्या पाणबुड्या होत्या. या वर्गाचे वैशिष्ट्य असे की, क्षेपणास्त्राच्या नळ्या पाणबुडीच्या पाठीवरच्या मनोऱ्यात बसविलेल्या असत. क्षेपणास्त्रे काढून घेतलेली होती, पण लोखंड आणि रचना शाबूत होती. वीस वर्षांनी सिनपोच्या धक्क्यावर जी पाणबुडी उपग्रहांना दिसली, तिच्याही मनोऱ्यात एक नळी होती. भंगारातून शिकण्याची ही चिकाटी मान्य करावीच लागेल. मात्र ती कोणाच्या पोटाला चिमटा काढून आली, हा हिशेब वेगळा आहे.

मे २०१५ मध्ये पहिली चाचणी जाहीर झाली. पाण्यातून क्षेपणास्त्र वर येत आहे आणि दूर बोटीवर उभा राहून किम हसत आहे, असे ते छायाचित्र होते. क्षेपणास्त्राचे नाव पुकगुकसोंग, म्हणजे ध्रुवतारा. त्यावेळी अमेरिकी लष्कराच्या एका बड्या अधिकाऱ्याने जाहीरपणे टोमणा मारला की, यांचे चित्रफीत-संपादक हुशार आहेत, क्षेपणास्त्र अजून तेवढे पुढे गेलेले नाही. टोमणा तेव्हा खरा होता. एप्रिल २०१६ ची चाचणी ३० किलोमीटरवर संपली, जुलैची फसली. पण २४ ऑगस्ट २०१६ रोजी तेच क्षेपणास्त्र ५०० किलोमीटर उडाले आणि टोमणा मारणारे गप्प झाले. त्या तारखेवरूनच पाणबुडीला '८.२४ वीर' असे नाव पडले. मधल्या काळात इंधनही बदलले होते. द्रव इंधनाचे क्षेपणास्त्र पाणबुडीच्या पोटात बाळगणे म्हणजे घरात रॉकेलच्या पिंपाशेजारी चूल पेटवणे. घन इंधनाचे क्षेपणास्त्र तयार अवस्थेत ठेवता येते. नळीतला दाबाचा वायू ते पाण्याबाहेर फेकतो आणि पाण्यावर आल्यावर त्याचे इंजिन पेटते. हे तंत्र ज्याला साधले त्याची निम्मी वाट संपली.

उरलेली निम्मी वाट पाणबुडीची, आणि ती जास्त अवघड. ऑक्टोबर २०१९ मध्ये वोनसानजवळ पुकगुकसोंग-३ उडाले आणि ९०० किलोमीटरहून अधिक उंच गेले. पण ते पाणबुडीतून सुटलेले नसून पाण्याखालच्या चाचणी-तराफ्यावरून सोडलेले असावे, असेच बहुतेकांचे मत पडले. त्यानंतरच्या पुकगुकसोंग-४ आणि ५ यांचे दर्शन २०२० व २०२१ च्या संचलनांत घडले. क्षेपणास्त्रे रस्त्यावरून मिरवत होती आणि ती ज्या पाणबुडीतून सुटायची तिचा पत्ता नव्हता! ऑक्टोबर २०२१ मध्ये '८.२४ वीर'मधून एक लहान क्षेपणास्त्र सोडले गेले आणि मार्च २०२३ मध्ये तिच्यातूनच क्रूझ क्षेपणास्त्रे सुटली.

मग ६ सप्टेंबर २०२३ रोजी नवी पाणबुडी पाण्यात उतरली. क्रमांक ८४१, नाव 'वीर किम कुन ओक', मोठ्या-लहान मिळून दहा नळ्या. नावाचा इतिहास गमतीचा आहे. हा किम कुन ओक कोरियन युद्धातला टॉर्पेडो नौकांचा अधिकारी. जुलै १९५० मध्ये त्याच्या तुकडीने अमेरिकेची बाल्टिमोर ही युद्धनौका बुडविली, असे उत्तर कोरियातली मुले शाळेत शिकतात. वस्तुस्थिती अशी की, बाल्टिमोर त्यावेळी सेवेतून काढून अमेरिकेतल्याच राखीव ताफ्यात बांधून ठेवलेली होती. जी बुडालीच नाही ती बुडविल्याबद्दल ज्याला वीरपद मिळाले, त्याचे नाव या पाणबुडीला दिले गेले.

पाणबुडीही मुळात नवी नाही. १९५० च्या दशकातला सोव्हिएत रोमियो वर्गाचा आराखडा, १९७० च्या दशकात चीनकडून आलेला आणि मग देशातच नकलून काढलेला. त्याच जुन्या सांगाड्याचे पोट फाडून मध्ये नळ्यांचा कप्पा जोडलेला आहे. दक्षिण कोरियाच्या लष्कराने तेव्हाच सांगितले की, ही पाणबुडी नीट चालेल असे दिसत नाही. डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी हवा घ्यायला वर यावेच लागते. जुन्या यंत्रांचा आवाज पाण्यात दूरवर जातो आणि कोरियाच्या पूर्वेच्या समुद्रात अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया या तिघांचे कान सदैव लागलेले असतात. या पाणबुड्या खोल समुद्रात गेल्या तर परत येतील याची खात्री खुद्द प्याँगयाँगलाही नसावी.

मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर कोरियाकडे डोंगरातल्या बोगद्यांतून ट्रकवर निघणारी घन इंधनाची क्षेपणास्त्रे आहेत. ती लपवायला सोपी आणि पाणबुडीपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेने २०२५ च्या वार्षिक अहवालात या देशाकडे सुमारे ५० अण्वस्त्रे जुळवून तयार असल्याचा अंदाज दिला आहे. धाक दाखवायला एवढी पुरेशी नाहीत काय?

लष्करी उत्तर दिशेत आहे. २०१७ मध्ये अमेरिकेने दक्षिण कोरियातल्या सोंगजू येथे थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसविली. तिचे रडार एका ठराविक कोनातच पाहते आणि ते उत्तरेकडे तोंड करून बसले आहे. किनारा फार न सोडता समुद्रात बाजूला सरकलेली पाणबुडी त्या कोनाबाहेरून मारा करू शकते. म्हणजे समुद्र ओलांडून अमेरिकेपर्यंत जाण्याची गरजच नाही. आपल्या विमानविरोधी तोफांच्या छायेत राहून कुशीतून टोचले तरी भागते. जुनी गोंगाटी पाणबुडीही एवढे करू शकते. २६ मार्च २०१० रोजी दक्षिण कोरियाची चोनान ही युद्धनौका बुडून ४६ नौसैनिक मेले. आंतरराष्ट्रीय चौकशी पथकाने ते काम उत्तर कोरियाच्या लहान पाणबुडीतून सुटलेल्या टॉर्पेडोचे ठरविले. प्याँगयाँगने आजवर ते नाकारले आहे. 'हेइल' म्हणजे त्सुनामी या नावाचे पाण्याखालचे मानवरहित अण्वस्त्र २०२३ पासून दाखविले जाते, त्याच्या दाव्यांत प्रचार किती आणि यंत्र किती हे सांगणे कठीण आहे.

अणुशक्तीवरची पाणबुडी मात्र या 'कुशीतल्या टोचणी'च्या पुढची पायरी आहे. तिला हवेसाठी वर यावे लागत नाही. महिनोन् महिने ती पाण्याखाली राहू शकते, आणि खलाशांचे अन्न संपले की मगच तिला परतावे लागते. किमने जानेवारी २०२१ च्या आठव्या पक्ष अधिवेशनातच तिची घोषणा केली होती. पण सांगाडा म्हणजे पाणबुडी नव्हे. भारताने कल्पक्कमला जमिनीवर नमुना अणुभट्टी चालवून पाहिली. जुलै २००९ मध्ये अरिहंत पाण्यात उतरली. तिच्या पोटातली भट्टी ऑगस्ट २०१३ मध्ये पेटली आणि ती नौदलात दाखल झाली २०१६ साली. रशियाची उघड मदत असून आणि खुला वैज्ञानिक पाया असून ही सात वर्षे गेली. उत्तर कोरियाने अशी कोणतीही जहाजी भट्टी जगाला दाखविलेली नाही. ती रशियाकडून मिळाली अशा बातम्या २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या वृत्तपत्रांतून आल्या, परंतु पुरावा पुढे आलेला नाही. जून २०२४ मध्ये पुतीन यांनी प्याँगयाँगला येऊन परस्पर संरक्षणाचा करार केला आणि त्याच वर्षी दहा हजारांहून अधिक उत्तर कोरियन सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात लढायला गेले. एवढ्या रक्ताची किंमत मागितली गेली नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

माझ्या मते खरा धोका भट्टीपेक्षाही हुकुमाचा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे एकमताने हात वर करणाऱ्या सभागृहाने, अण्वस्त्रांचा कायदा केला. अण्वस्त्रांची सर्व सूत्रे एका माणसाच्या हाती राहतील, आणि शत्रूच्या हल्ल्यामुळे त्या सूत्रांना धोका झाला तर ठरलेल्या योजनेनुसार 'आपोआप आणि ताबडतोब' अणुहल्ला होईल, असे त्यात लिहिले आहे. जमिनीवर हे 'आपोआप' कसेबसे सांभाळता येईल. पाण्याखाली काय होणार? खोल पाण्यात संदेश पोहोचविणे बलाढ्य देशांनाही अवघड जाते. संदेश तुटला म्हणजे नेता मेला की यंत्र बिघडले, हे पाणबुडीच्या कप्तानाने कसे ओळखायचे? एक तर त्याच्या हाती अण्वस्त्र सोपवून त्याच्यावर विश्वास टाकावा लागेल, नाही तर त्याच्या उशाशी पक्षाचा पहारेकरी बसवावा लागेल. जी राजवट आपल्या सेनापतींनाही रात्रीतून नाहीसे करते, ती एका कप्तानावर विश्वास टाकील?

अशा राजवटीत पाणबुडीवरच्या माणसाचे मोल किती, हे १९९६ च्या सप्टेंबरात दिसले होते. हेरगिरीसाठी आलेली उत्तरेची एक लहान पाणबुडी दक्षिणेत कांगनुंगच्या किनाऱ्यावर खडकांत अडकली. त्यातले २६ जण किनाऱ्यावर उतरले. त्यांतले अकरा जण जवळच्या डोंगरावर गोळ्या घातलेल्या अवस्थेत सापडले आणि त्या गोळ्या त्यांच्याच माणसांच्या होत्या. एक जिवंत पकडला गेला, एकाचा पत्ता लागला नाही, बाकीचे शोधमोहिमेत मारले गेले. दक्षिणेचेही सैनिक आणि नागरिक मेले. डिसेंबरअखेर प्याँगयाँगने 'खेद' व्यक्त केला. खेद व्यक्त करण्याचे कारण गोळ्या खाऊन पडलेले खलाशी नव्हते. त्या खेदावाचून एक मोठे काम अडून बसले होते, आणि ते काम सिनपोलाच होते.

१९९४ च्या ऑक्टोबरात जिनिव्हात अमेरिका आणि उत्तर कोरिया यांच्यात करार झाला. उत्तर कोरियाने योंगब्योनची प्लुटोनियम देणारी भट्टी बंद ठेवायची आणि त्या बदल्यात त्याला प्रत्येकी १,००० मेगावॅटच्या दोन वीजनिर्मिती भट्ट्या बांधून द्यायच्या. जागा ठरली सिनपोच्या उत्तरेची कुम्हो. पैसा मुख्यतः दक्षिण कोरिया आणि जपानचा. ऑगस्ट १९९७ मध्ये भूमिपूजन झाले, ऑगस्ट २००२ मध्ये पहिले काँक्रीट पडले. त्याच वर्षी बुश सरकारने उत्तर कोरियावर चोरून युरेनियम समृद्ध करण्याचा आरोप ठेवला आणि तेलपुरवठा थांबविला. जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरिया अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडला. कुम्होचे काम २००३ अखेर थांबले आणि मे २००६ मध्ये प्रकल्प कायमचा गुंडाळला गेला. तोवर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च होऊन एक तृतीयांशाच्या आसपास काम झाले होते. साडेचार महिन्यांत, ९ ऑक्टोबर २००६ रोजी, पहिली अणुचाचणी झाली. ज्या किनाऱ्यावर घराघरात दिवे लावणाऱ्या भट्ट्या उभ्या राहायच्या, त्याच किनाऱ्यावर आज पाणबुडीत भट्टी बसविण्याचा घाट आहे. यात फसवणूक एकट्या प्याँगयाँगची नाही. अमेरिकेने वचनाच्या मुदती पाळल्या नाहीत, आणि युरेनियमचा वाद टेबलावर सोडविण्याऐवजी प्लुटोनियमवरचे कुलूपही घालवून बसली.

याच दशकात हामग्योंगमध्ये माणसे उपाशी मरत होती. सोव्हिएत मदत आटल्यावर सरकारी शिधा सर्वात आधी कोणाचा बंद झाला? ईशान्येकडच्या प्रांतांचा. १९९४ पासून उत्तर आणि दक्षिण हामग्योंगकडे जाणारे धान्य आटत गेले, १९९५ च्या पुरानंतर दुष्काळ देशभर पसरला, आणि राजधानी प्याँगयाँगचा शिधा मात्र टिकविला गेला. मृतांच्या आकड्यांवर वाद आहे. सावधपणे मोजणारे अभ्यासक सहा ते दहा लाख सांगतात, तेही सव्वादोन कोटींच्या आतबाहेर लोकसंख्येच्या देशात. सरकारने या मृत्युसत्राला 'खडतर कूच' असे वीररसाचे नाव दिले. उपाशी मरणाऱ्याला कूच करणारा म्हटले की, शिधा कोणी थांबविला हा प्रश्नच उरत नाही.

आणि ईशान्यच का? इथे या पानाच्या वाचकाने कान टवकारावेत. उत्तर कोरियात 'सोंगबुन' नावाची प्रतवारी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून राज्यसंस्थेने प्रत्येक कुटुंबाची फाइल तयार केली. आजोबा जपानी राजवटीत काय होता, शेतमजूर की जमीनदार, युद्धात कोणत्या बाजूला गेला, नात्यातला कोणी दक्षिणेला पळाला काय, हे त्यात नोंदले गेले. त्यावरून निष्ठावंत गाभा, डळमळीत आणि शत्रू असे तीन मोठे वर्ग आणि त्यांत ५१ पोटप्रकार पाडले गेले. मुलाला बापाचा सोंगबुन जन्मतः चिकटतो. विद्यापीठ, पक्षाचे सदस्यत्व, भरवशाची लष्करी जागा, प्याँगयाँगमध्ये राहण्याचा हक्क आणि लग्नाची सोयरीकसुद्धा त्यावर ठरते. त्यातून खाली घसरणे सोपे, वर चढणे जवळजवळ अशक्य. खालच्या सोंगबुनच्या लाखो लोकांना डोंगराळ ईशान्येकडे नेऊन वसविले गेले. ऑस्ट्रेलियाचे निवृत्त न्यायमूर्ती मायकेल किर्बी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०१४ च्या अहवालात हे सारे साक्षीपुराव्यांनिशी मांडले आहे.

जन्मावर ठरणारी पायरी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून द्यायला नको. फरक आहे तो असा की, जातीला धर्मशास्त्राचा आधार दाखविला जातो, सोंगबुनला क्रांतीचा. कागदावरच्या राज्यघटनेत तिथेही समता आहे. अलीकडे बाजारपेठा वाढल्या, लाच देऊन काही दारे उघडू लागली आणि सोंगबुनची पकड थोडी सैल झाली, हेही आयोगाने नोंदविले आहे. पण गाभ्यातला गाभ्यात आणि हामग्योंगचा हामग्योंगमध्ये ही वाटणी मोडलेली नाही. आणि गाभ्यातल्यांचे तरी पोट भरते काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये पानमुंजोमच्या सीमेवरून गोळ्या झेलत एक सैनिक दक्षिणेत पळाला. त्या सीमेवर निवडक, भरवशाच्या घरांतली मुले ठेवली जातात. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या आतड्यांत लांबच लांब जंत निघाले आणि पोटात मक्याचे दाणे.

दुसरी मोठी गोदी चोंगजिनची, म्हणजे उत्तर हामग्योंगची. दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या शहरांपैकी हे एक. एप्रिल २०२५ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या नाम्पोला चो ह्योन ही ५,००० टनांची विनाशिका पाण्यात उतरली. ती चारशेच्या आसपास दिवसांत बांधल्याचा गाजावाजा झाला आणि काही दिवसांतच तिच्यावरून क्षेपणास्त्रे सोडून दाखविली गेली. दुसरी विनाशिका चोंगजिनला बांधायला दिली. ही गोदी मालवाहू जहाजे आणि मासेमारीच्या बोटी बांधणारी. एवढे जड जहाज तिने कधी उतरविले नव्हते. २१ मे २०२५ रोजी किमच्या डोळ्यांदेखत जलावतरण सुरू झाले. जहाज आडवे सरकवायचे होते. मागचा भाग आधी घसरला, पुढचा धक्क्यावरच अडकला, तळ फाटला आणि विनाशिका कलंडली. किमने जागच्या जागी हा 'गुन्हा' ठरविला आणि जूनअखेरच्या पक्ष बैठकीपूर्वी जहाज दुरुस्त झालेच पाहिजे असे फर्मान काढले. गोदीचा मुख्य अभियंता, सांगाडा विभागाचा प्रमुख, प्रशासनाचा उपव्यवस्थापक यांना अटक झाली. दारूगोळा उद्योग खात्याचा एक उपसंचालकही धरला गेला. १२ जूनला राजिनला जहाज पुन्हा तरंगविले गेले, नाव 'कांग कोन'. आतली यंत्रे, तारा आणि तळाचे लोखंड तीन आठवड्यांत कितपत सुधारले असेल याची कल्पना कोणत्याही गोदी कामगाराला येईल.

कामगारांचे राज्य म्हणविणाऱ्या देशात मुदत ठरविणारा टाळ्या घेतो आणि अशक्य मुदतीत काम करणारा तुरुंगात जातो. अटक झालेल्यांचे पुढे काय झाले, हे जगाला कळलेले नाही. अशीच मुदत उद्या अणुभट्टीला लावली गेली तर? अडकलेले जहाज ताडपत्रीखाली झाकता येते. बंदिस्त सांगाड्यात किरणोत्सर्ग सुरू झाला तर तो आधी खलाशांना गाठेल, मग सिनपोच्या कोळ्यांना. ऑक्टोबर २०१३ मध्ये बुडालेल्या पाणबुडीविरोधी नौकेवरच्या खलाशांची बातमी जगाला तेव्हाच कळली, जेव्हा किमने त्यांच्या थडग्यांना भेट दिल्याची छायाचित्रे छापून आली.

आता दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आपण साम्राज्यवाद्यांच्या वृत्तपत्रांची नक्कल करीत बसू. १९५० ते १९५३ या काळात अमेरिकेने कोरियावर सहा लाख टनांहून अधिक बाँब टाकले. उत्तरेत उभी राहिलेली शहरे शोधावी लागत. लिबियाच्या गद्दाफीने २००३ मध्ये अणुकार्यक्रम सोडला आणि २०११ मध्ये त्याचे काय झाले, हे प्याँगयाँग विसरू देत नाही. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेची अण्वस्त्रवाहू पाणबुडी १९८१ नंतर प्रथमच दक्षिण कोरियाच्या बंदरात येऊन उभी राहिली. दक्षिणेने २०२१ मध्ये स्वतःच्या पाणबुडीतून क्षेपणास्त्र सोडले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तिला अणुशक्तीवरची पाणबुडी बांधण्याची मुभा जाहीर केली. दोन महिन्यांनी किमने ८,७०० टनांचा सांगाडा दाखविला, तेव्हा याच मुभेचा दाखला दिला. प्रत्येकाला दुसऱ्याची पाणबुडी आक्रमक आणि आपली बचावाची वाटते. पण अमेरिकेची दांडगाई किमच्या अण्वस्त्राचे कारण असू शकते, ती हामग्योंगचा शिधा बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. तो निर्णय प्याँगयाँगमध्ये झाला.

भारताशीही या कथेचा धागा आहे. पाकिस्तानने एप्रिल १९९८ मध्ये उडविलेले घौरी हे उत्तर कोरियाच्या नोडोंगचेच रूप. जून १९९९ मध्ये, कारगिलची लढाई चालू असताना, 'कु वोल सान' हे उत्तर कोरियाचे जहाज कांडला बंदरात आले. कागदोपत्री पाणी शुद्ध करण्याची यंत्रे असलेल्या खोक्यांत सीमाशुल्क अधिकाऱ्यांना क्षेपणास्त्राचे सुटे भाग आणि आराखडे सापडले. भारताने माल पाकिस्तानचा असल्याचे म्हटले, पुढच्या तपासात बोट लिबियाकडेही गेले. पोट भरायला क्षेपणास्त्रे विकणारा देश उद्या पाण्याखालून सोडायचे तंत्र विकणार नाही, याची हमी कोण देणार?

आणि शस्त्रखर्चाचा प्रश्न विचारायला आपल्याला परक्या देशाची गरज नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी आपल्या निवेदनात ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात हे दाखवून सरकारला जाब विचारला होता. उपाशी माणसांना अन्न कोठून देणार, हा त्यांचा रोख होता. ते हे बोलू शकले, कारण बोलल्यावर त्यांना कोणी ताडपत्रीखाली झाकू शकत नव्हते. सिनपोत असा हिशेब मांडणारा दुसऱ्या दिवशी घरी दिसणार नाही.

बाहेरून हिशेब मांडणारेही आता कमी झाले आहेत. २००६ च्या अणुचाचणीनंतर लागलेल्या निर्बंधांवर संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ मंडळ पाळत ठेवत असे. मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरला आणि ३० एप्रिलला ते मंडळ संपले. अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि त्यांच्या मित्रांनी त्याच वर्षी स्वतःचा पाहणी गट काढला, पण त्यामागे संयुक्त राष्ट्रांचा अधिकार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांचे शेवटचे परदेशी कर्मचारी मार्च २०२१ मध्येच उत्तर कोरियातून बाहेर पडले होते. त्यांच्या अन्न अहवालांत २०२० ते २०२२ या काळासाठी सुमारे ४५ टक्के लोकसंख्या कुपोषित धरलेली आहे, आणि हा आकडा देशाबाहेर बसून काढलेला आहे. किमच्या तिसऱ्या विनाशिकेसाठी पक्षाच्या वर्धापनदिनाची, १० ऑक्टोबर २०२६ ची मुदत जाहीर झाली होती. ती नाम्पोच्या गोदीत किती लांब झाली आहे, हे कोणीही उपग्रहाच्या छायाचित्रावर पट्टी ठेवून सांगू शकतो. चोंगजिनच्या बालवाडीतल्या मुलाचे वजन घेऊ शकणारा परदेशी माणूस मात्र तिथे राहिलेला नाही.